मुलाला पिचिंग प्रत्यक्षात शिकवणार कोण?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असल्यास तो लगेच लक्षात येईल. आपला मुलगा टेक्सासमध्ये अकरावीत आहे आणि बेसबॉलमध्ये उजव्या हाताचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, आहे. दोन कॉलेजे त्याच्या मागे आहेत. एक मोठ्या कॉन्फरन्समधले (आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातले), डिव्हिजन वनचे, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे, ज्याच्या मुख्य प्रशिक्षकांचे नाव कॉलेज बेसबॉल पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. दुसरे डिव्हिजन थ्रीचे, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचे, लहान, घरापासून दूर. मोठ्या कॉलेजच्या प्रशिक्षकांच्या यादीत दहा नावे आहेत, परंतु फोन मात्र एकाच असिस्टंटचा येतो. मुख्य प्रशिक्षक चार महिन्यांत एकदाही बोललेले नाहीत. ही अनास्था समजावी का, मुलाला शिकवणार कोण, आणि ‘सर’ उद्या सोडून गेले तर काय, असे आपण विचारले आहे.

मी जळगावात सॉफ्टबॉल खेळत मोठा झालो, पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत आलो आणि गेली सोळा वर्षे कॉलेजच्या बेसबॉल संघांबरोबर काम करत आहे. सुरुवात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून झाली, त्यानंतर चार वर्षे बिनपगारी व्हॉलंटिअर कोच होतो आणि आता पिचिंग कोच आहे. त्यामुळे मी या प्रश्नाकडे पिचरच्या बाजूनेच पाहतो. आपला मुलगा शॉर्टस्टॉप किंवा कॅचर असता, तर पुढचे काही मुद्दे मी वेगळ्या क्रमाने मांडले असते.

आपण मुख्य प्रशिक्षकांना ‘सर’ म्हटले आहे, आणि माझ्या मते मूळ अडचण तिथेच आहे. आपल्याकडे प्रशिक्षक म्हटले की शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्यासारखी एक व्यक्ती डोळ्यांसमोर येते. मुलगा निवडणारे, पकड आणि पवित्रा शिकवणारे, आज कोणत्या मैदानावर खेळायचे ते ठरवणारे आणि घरी येऊन आईवडिलांशी बोलणारे, असे सगळे एकच सर. अमेरिकेतील कॉलेज संघात हीच कामे पाच-सहा माणसांत वाटलेली असतात, आणि ‘मुख्य’ हा शब्द ज्याच्या नावापुढे आहे त्याच्या वाट्याला शिकवण्याचे काम बहुधा सर्वांत कमी आलेले असते. म्हणून ‘हे सर कसे आहेत’ या प्रश्नाऐवजी ‘या संघात माझ्या मुलाचा हात कोणाच्या ताब्यात असेल आणि ती व्यक्ती किती दिवस तेथे राहील’ हा प्रश्न आपण विचारायला हवा.

डिव्हिजन वनमध्ये बेसबॉल खेळणारे सुमारे ३०० संघ आहेत. २०२३ पर्यंत तेथे एक मुख्य प्रशिक्षक, दोन पगारी असिस्टंट आणि एक व्हॉलंटिअर अशी मर्यादा होती. तो व्हॉलंटिअर इतरांइतकेच तास मैदानावर असे, परंतु त्याला कॉलेजकडून पगार मिळत नसे. उन्हाळ्यात शाळकरी मुलांची शिबिरे घेऊन जे मिळेल त्यावर त्याने वर्ष काढावे, अशी पद्धत होती. मी ती चार वर्षे काढली आहेत. त्या काळात पाहिलेली चांगली माणसे, केवळ घरभाडे भागत नाही म्हणून हा खेळ सोडून गेली, याचे मला आजही वाईट वाटते. व्हॉलंटिअर कोचेसनी न्यायालयात दावा लावला, आणि १ जुलै २०२३ पासून कॉलेज क्रीडेचे नियम ठरवणाऱ्या एन.सी.ए.ए.ने हे पद रद्द करून तीन असिस्टंटना पगार देण्याची मुभा दिली. आपल्यासारख्या पालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ज्या कॉलेजने तिसरे पद खरोखर पूर्ण पगारावर भरले आहे तेथे शिकवणारे हात वाढले आहेत. मुभा असली तरी सक्ती नसल्यामुळे सर्वच कॉलेजांनी तसे केले असेल असे मात्र धरून चालू नये.

आता त्या दहा नावांकडे वळू. मुख्य प्रशिक्षक संघाचे धोरण ठरवतात, रोस्टरवर (संघाच्या यादीत) कोण राहील आणि कोणाला किती शिष्यवृत्ती मिळेल यावर अंतिम सही करतात, देणगीदारांना व ॲथलेटिक डायरेक्टरना भेटतात, आणि सामन्यात अनेकदा थर्ड बेसजवळ उभे राहून धावपटूला होमकडे सोडायचे की थांबवायचे ते ठरवतात. एक असिस्टंट पिचर सांभाळतो, दुसरा फलंदाजी शिकवतो, तिसऱ्याकडे बहुधा इनफिल्ड किंवा आउटफिल्ड व बेसरनिंग असते. या तिघांपैकी एकाकडे रिक्रूटिंग कोऑर्डिनेटरची जबाबदारी असते. शाळकरी खेळाडू शोधणे, त्यांच्या स्पर्धा पाहणे आणि पालकांशी बोलणे हे प्रामुख्याने त्याचे काम. आपल्याला फोन करणारा तो हाच. डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स बस, हॉटेल, जेवण आणि वेळापत्रक पाहतो. उरलेल्यांत ताकदीचा व्यायाम घेणारा, ॲथलेटिक ट्रेनर, अभ्यासाचा सल्लागार आणि आकडेवारी पाहणारा असे लोक असतात.

यावरून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मुख्य प्रशिक्षकांचा फोन न येणे ही अनास्था नाही, निदान अजून तरी नाही. डिव्हिजन वनच्या बेसबॉलमध्ये अकरावी सुरू होण्यापूर्वीच्या १ ऑगस्टपर्यंत कॉलेजला खेळाडूशी भरतीविषयी बोलताच येत नाही, त्यामुळे आपल्याशी हे बोलणे सुरू होऊन फार काळ लोटलेला नाही. बहुतेक संघांत आधी असिस्टंट दोन-तीनदा खेळ पाहतो, मग पिचिंग कोच पाहतो किंवा व्हिडिओ मागवतो, आणि रक्कम व जागा यांचा विषय निघाला की मुख्य प्रशिक्षक पुढे येतात. कॉलेजने ठोस प्रस्ताव दिल्यानंतरही ते बोलले नाहीत, तर मात्र मी थांबून विचार करीन. त्याहूनही मला खटकेल ती गोष्ट वेगळी आहे: इतक्या महिन्यांत पिचिंग कोच आपल्या मुलाशी बोलला आहे का, याचा आपल्या प्रश्नात कोठेच उल्लेख नाही.

पिचिंग कोचविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपला निर्णय माझ्या मते बव्हंशी त्याच्यावर अवलंबून आहे.

कॉलेजमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारणपणे आठवड्यातून एकदा फेकतो. मालिका शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन सामन्यांची असते आणि मंगळवारी किंवा बुधवारी एखादा सामना जोडलेला असतो. शुक्रवारी ९५ चेंडू फेकलेल्या मुलाने शनिवारी काय करायचे, पुन्हा हलका चेंडू केव्हा हातात घ्यायचा, बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत) मंगळवारी २५ चेंडू फेकायचे की बुधवारी ३०, त्यात वेगवान फास्टबॉल किती आणि वळणारा स्लायडर किती, हे सारे पिचिंग कोच ठरवतो. एन.सी.ए.ए.चा नियम हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा घालतो आणि एक दिवस सुट्टी द्यायला लावतो, परंतु त्या तासांत खांद्यावर किती ओझे टाकायचे याविषयी तो काही सांगत नाही.

याहून महत्त्वाची एक बाब पालकांना सहसा माहीत नसते. शाळेच्या सामन्यांत आपल्या मुलाला चेंडूंची मर्यादा आहे. किती चेंडू फेकल्यावर किती दिवस विश्रांती द्यायची, हे राज्याने ठरवून दिलेले आहे. तोच मुलगा कॉलेजच्या मैदानावर उतरला की ती मर्यादा उरत नाही. तेथे पिचरला केव्हा थांबवायचे हे प्रशिक्षकांच्या विवेकावर सोडलेले आहे. ज्या वयात मुलाचा वेग दरवर्षी वाढत असतो आणि कोपराच्या आतील अस्थिबंधावर सर्वाधिक ताण येतो, नेमक्या त्याच वयात नियमाचे संरक्षण संपते आणि माणसाचे सुरू होते. तो अस्थिबंध तुटला की दुसरीकडचा स्नायुबंध घेऊन बसवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. डॉ. फ्रँक जोब यांनी ती १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली आणि तिला त्याचेच नाव पडले. आज ती यशस्वी होते हे खरे आहे, परंतु त्यानंतर मुलाचे साधारण वर्षभर तरी जाते, आणि कॉलेजच्या चार वर्षांत एक वर्ष म्हणजे काय हे मी आपल्याला सांगायला नको.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट येथे सांगणे मला आवश्यक वाटते. पिचिंग कोच म्हणून माझे दुसरेच वर्ष होते. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत आमच्या एका मुलाने गुरुवारी १०८ चेंडू फेकले होते. रविवारी निर्णायक सामना होता आणि सातव्या इनिंगमध्ये मुख्य प्रशिक्षकांनी त्याला पुन्हा तयार करायला सांगितले. मुलाने आनंदाने होकार दिला. त्या वयात कोणताही मुलगा देईल. मला ते पटत नव्हते, पण मी नवा होतो, माझा करार एका वर्षाचा होता, आणि मी गप्प राहिलो. सामना आम्ही जिंकलो. दहा दिवसांनी त्या मुलाचा कोपर दुखू लागला आणि पुढचा संपूर्ण फॉल, म्हणजे हिवाळ्याआधीचा सरावाचा काळ, त्याने चेंडूला हात लावला नाही. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही हे त्याचे नशीब. माझे त्यात काही कर्तृत्व नव्हते. तेव्हापासून नोकरीसाठी मुलाखत देताना मी मुख्य प्रशिक्षकांना एकच प्रश्न आधी विचारतो, की पिचरला थांबवण्याचा शेवटचा शब्द कोणाचा असेल. आपणही दोन्ही कॉलेजांना, मुख्य प्रशिक्षकांना आणि पिचिंग कोचला वेगवेगळे गाठून, हाच प्रश्न विचारावा. दोघांची उत्तरे जुळली तर त्या संघात या गोष्टीवर पूर्वीच बोलणे झालेले आहे असे समजा. जुळली नाहीत तर त्या विसंगतीचा भार उद्या आपल्या मुलाच्या हातावर येणार आहे.

ॲथलेटिक ट्रेनरविषयीही येथेच सांगून टाकतो. खेळाडू मैदानावर परतण्यास योग्य आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार एन.सी.ए.ए.च्या नियमांनुसार वैद्यकीय लोकांचा आहे, आणि प्रशिक्षकाला तो फिरवता येत नाही. कागदावर हे स्पष्ट आहे. प्रत्यक्षात मुलगा ट्रेनरकडे वेळेवर जातो का, हे पिचिंग कोचच्या वागण्यावर ठरते. ‘हात जड वाटतो’ असे सांगणाऱ्या मुलाची जागा दुसऱ्या दिवशी गेली, की बाकीचे चौदा पिचर आपापली दुखणी लपवायला शिकतात.

चेंडू कोणता टाकायचा हेही कॉलेजमध्ये बहुधा पिचिंग कोच डगआउटमधून ठरवतो. पूर्वी हाताच्या खुणा असत, नंतर मनगटावरच्या तक्त्यातले आकडे आले, आणि २०२२ च्या हंगामापासून प्रशिक्षकाकडून कॅचरला एकतर्फी इलेक्ट्रॉनिक संदेश देण्याचीही परवानगी आहे. व्यावसायिक खेळात हा निर्णय मुख्यतः कॅचर आणि पिचर घेतात. काही पिचिंग कोच तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांवर हळूहळू हे सोपवतात, काही अखेरपर्यंत सोपवत नाहीत. मी पहिल्या पद्धतीचा आहे, कारण फलंदाजाचे पाय आणि बॅट पाहून स्वतः विचार करणे ही पिचिंगची अर्धी विद्या आहे असे मी मानतो. दुसऱ्या पद्धतीने काम करणारे माझे काही सहकारी उत्तम शिक्षक आहेत हेही तितकेच खरे आहे. आपल्या मुलाला कशात रस आहे हे त्यालाच विचारावे.

आता ‘सोडून गेले तर’ या प्रश्नाकडे येतो. जाणार आहेत, असेच धरून चाला. फ्लोरिडा स्टेटमध्ये माइक मार्टिन १९८० पासून २०१९ पर्यंत, म्हणजे चाळीस हंगाम, मुख्य प्रशिक्षक होते. अशी उदाहरणे आता फार विरळ आहेत. टोनी व्हिटेलो यांनी टेनेसीला २०२४ चे विजेतेपद मिळवून दिले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाचे मॅनेजर म्हणून गेले. केवळ त्यांच्यासाठी टेनेसी निवडलेल्या मुलांचा फॉलचा सराव तेव्हा सुरू होता. असिस्टंट तर त्याहूनही लवकर हलतात. वेस जॉन्सन हे आजच्या नावाजलेल्या पिचिंग कोचपैकी एक. ते आर्कान्सॉ विद्यापीठ सोडून २०१८ च्या अखेरीस मिनेसोटा ट्विन्स या व्यावसायिक संघाकडे गेले, २०२२ च्या जूनमध्ये व्यावसायिक हंगाम चालू असतानाच एल.एस.यू.ला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) आले, तेथे २०२३ चे विजेतेपद मिळाले, आणि लगेच ते जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक झाले. एअर फोर्स अकॅडमी सोडून आलेल्या पॉल स्कीन्सने त्यांच्या हाताखाली एकच हंगाम काढला, त्यात २०९ फलंदाज स्ट्राइकआउटने (तीन स्ट्राइकवर) बाद केले, आणि त्या वर्षीच्या व्यावसायिक संघांच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडू-निवडीत) त्याची निवड सर्वांत आधी झाली. त्याच्यासाठी ते एक वर्ष पुरेसे ठरले. पण त्याच बुलपेनमधल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना पुढच्या वर्षी नव्या माणसाबरोबर नव्याने सुरुवात करावी लागली.

हे नव्याने सुरू करणे किती महाग पडते, ते मी माझ्याकडे बदली घेऊन आलेल्या एका मुलात पाहिले. तीन वर्षांत त्याला तीन पिचिंग कोच मिळाले होते. पहिल्याने त्याचा हात वर नेला, दुसऱ्याने तो बाजूला आणला, तिसऱ्याने पुन्हा वर नेला. प्रत्येकाचे म्हणणे सुटे घेतले तर बरोबर होते. आमच्याकडे आला तेव्हा चेंडू सोडण्याची त्याची जागा दर दहा चेंडूंत बदलत होती, आणि ती एका ठिकाणी आणायला आम्हाला सात महिने लागले.

मुख्य प्रशिक्षक गेले की असिस्टंटही बहुधा जातात, कारण नवा माणूस आपली माणसे घेऊन येतो. मुलाचा करार कॉलेजशी असतो, प्रशिक्षकाशी नव्हे. फोनवर दिलेला शब्द मात्र प्रशिक्षकाबरोबरच निघून जातो. म्हणून शिष्यवृत्तीचा आकडा, ती किती वर्षांची आहे, आणि दुखापत झाल्यास ती टिकते का, हे कागदावर असू द्या. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये संपूर्ण संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या असत आणि त्या जास्तीत जास्त २७ मुलांत वाटल्या जात. २०२५-२६ पासून नव्या व्यवस्थेत सहभागी झालेल्या कॉलेजांना ती मर्यादा नाही, मात्र रोस्टर ३४ जणांचे झाले आहे. पैसा वाढू शकतो, जागा घटल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जागा इतर कॉलेजांतून बदलून आलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांकडे जातात. मोठ्या कॉलेजच्या पिचिंग कोचला सरळ विचारा, की मागील वर्षी शाळेतून थेट आलेल्या पिचरांनी एकूण किती इनिंग टाकल्या.

डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजविषयी आपण एकच ओळ लिहिली आहे, त्यामुळे मी जपून बोलतो. तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. पैसा मिळाला तर तो गुणवत्तेवर किंवा कुटुंबाच्या गरजेवर मिळतो. हंगाम ५६ ऐवजी ४० सामन्यांचा असतो. स्टाफ लहान असतो, कित्येक ठिकाणी दोनच माणसे पूर्णवेळ असतात आणि बाकीचे दिवसा शाळेत शिकवून संध्याकाळी मैदानावर येतात. पिचिंग कोच अर्धवेळ असेल तर दुपारी मुलाच्या बुलपेनला कोण उभा राहतो, हे विचारणे गरजेचे आहे. उलट, मुख्य प्रशिक्षक स्वतःच पिचर सांभाळत असतील आणि दहा-बारा वर्षे तेथेच असतील, तर आपल्या मनातल्या ‘सरां’च्या सर्वांत जवळचा माणूस कदाचित याच लहान कॉलेजमध्ये आहे. माझा स्वतःचा मुलगा असता तर तसा माणूस आणि मनाजोगे शिक्षण एकत्र मिळत असल्यास मी मोठ्या नावाकडे पाहिले नसते. पण आपला मुलगा सतराव्या वर्षी ताशी ९२ मैल वेगाने फेकत असेल आणि व्यावसायिक खेळ हेच त्याचे ध्येय असेल, तर मोठ्या कॉलेजमधली मोजमापाची यंत्रे, आठवड्याला समोर येणारे फलंदाज आणि तेथे येणारे स्काउट (व्यावसायिक संघांसाठी खेळाडू शोधणारे) यांना तोड नाही. वेग किती, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझे उत्तर त्यावर बरेच अवलंबून आहे.

शेवटी भेटीविषयी. कॉलेज दाखवायला बोलावतात तेव्हा बहुधा सामन्याच्या दिवशी बोलावतात. मैदान भरलेले असते, संगीत वाजत असते, आणि त्यातून स्टाफविषयी काहीच कळत नाही. सरावाच्या दिवशी जा. पिचिंग कोच एका चेंडूनंतर किती बोलतो आणि किती वेळ नुसता पाहतो, दोन वेगळ्या अंगकाठीच्या मुलांना तो एकच गोष्ट सांगतो की वेगवेगळी, चेंडू भलतीकडे गेल्यावर मुलगा आधी कोणाकडे पाहतो, एवढे अर्धा तास बघा. त्यानंतर दुसऱ्या वर्षाच्या अशा एखाद्या पिचरशी बोला ज्याला फारशी संधी मिळालेली नाही. गेल्या महिन्यात कोचने त्याच्यासाठी किती वेळ काढला, हे तो दोन वाक्यांत सांगेल. हे सारे ठरवून देण्याचे काम त्याच असिस्टंटचे आहे ज्याच्या फोनमुळे आपण चिंतेत पडला आहात. त्याचा पुढचा फोन आला की त्याला सांगा, की आम्हाला सरावाच्या दिवशी यायचे आहे आणि बुलपेनच्या कुंपणाशी उभे राहायचे आहे.